दोन घरच्या दोन वाट्या

सन २०२३. मी बहात्तर वर्षांचा होतो आणि माझ्या हातांना काहीही झालेलं नव्हतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण त्या वर्षी घरातले सगळे माझ्याशी असं बोलायचे की जणू माझे हात कुणी काढून नेलेत.

लोणावळ्याच्या बाजारात माझं सोनाराचं दुकान आहे. दुकान म्हणजे शोरूम नव्हे. पुढं तिघं-चौघं बसतील एवढी गादी, मागं ऐरण, शेगडी आणि खिडकीखाली माझी बैठक. शाळा चौथीपर्यंत झाली. पुढं वडिलांनी धाडलं नाही, मीही रडलो नाही. तोवर मला तार ओढायची गोडी लागली होती. मुलगा रेल्वेत चिकटला, त्यानं हातोडी धरली नाही. त्याची मुलगी मात्र पुण्याला जाऊन दागिन्यांचं शिक्षण घेऊन आली, तेही कॉम्प्युटरवरचं. हातात चिमटा न धरता दागिना करायचा, असं ते शिक्षण.

आता नमुना म्हणजे काय ते सांगतो. गिऱ्हाइकाचं सोनं एकदम तोडायचं नसतं. आधी पितळेचा किंवा चांदीचा एक नग करायचा, तो दाखवायचा. गिऱ्हाईक म्हणतं, हे जाड वाटतं, हे टोचतं, इथं फूल नको. ते सगळं दुरुस्त झालं की मग सोन्याला हात लावायचा. आमच्या घरात नमुना हातानं होत आला. नात तो पडद्यावर काढायची, मग तो पुण्याला धाडायचा, तिथलं यंत्र तसाच्या तसा मेणाचा करून द्यायचं. त्या मेणावरून मग धातू ओततात.

पुण्याच्या एका कंपनीनं तिला नोकरी देऊ केली होती. महिनाअखेरीला उत्तर द्यायचं होतं. एका सकाळी ती चहा घेऊन दुकानात आली आणि माझ्यासमोर बसली.

"आबा, तुम्ही हो म्हणालात तर मी इथंच बसते. नाहीतर पुण्यात खोली बघते."

"बस की. नको कोण म्हणतंय? गादी झाडून घे आन् बस."

"गादीवर नाही. कामाला. आपल्या दुकानाचे नमुने मी करीन. मग वडगावपर्यंतच्या सोनारांचे पण करता येतील."

"नमुना हातानं होतो."

"कशावरून?"

"आजवर झालाय त्यावरून."

तिनं कप उचलला आणि निघून गेली. ती जवळ राहावी असं मला मनातून वाटत होतं. तिला ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं लगेच आपला भाव वाढवला असता, आमच्या घरचंच रक्त ते.

त्याच आठवड्यात औंढ्याहून एक बाई मुलीला घेऊन आल्या. जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या लग्नातल्या वाट्याही आमच्याच दुकानच्या. मुलीचं लग्न वलवणला ठरलं होतं. मुलगी वडगावच्या एका दवाखान्यात नर्स.

आमच्याकडं मंगळसूत्रात दोन वाट्या असतात, एक माहेरची, एक सासरची. ज्या घरची वाटी त्या घरचं सोनं. आई म्हणाल्या, "भाऊ, माज्यासारक्याच करा. भरघोस."

मुलगी म्हणाली, "तशा नको. आबा, मला मंगळसूत्र रोज घालायचंय. ड्यूटीवर वाटीची कड मास्कच्या दोरीत अडकते. पेशंटला उठवताना त्याला पण टोचते. माझ्या मैत्रिणी काढून पर्समध्ये ठेवतात. मला पर्समध्ये ठेवायचं नाही."

"मग कशी पायजे?"

"चपटी. कड आत वळलेली. आणि वर भाताची लोंबी काढा, आमच्या खाचरात असते तशी."

"आता खाचरच घाल की गळ्यात," तिची आई म्हणाली.

नात मागं उभी राहून ऐकत होती. "मी काढून दाखवू?" तिनं विचारलं.

"मी हाय ना बसलेला," मी म्हणालो.

त्या मुलीनं दोघांकडं बघितलं आणि म्हणाली, "दोघांनी करा. आम्ही बघतो." नर्सच ती, भांडणारी माणसं रोजच बघत असणार.

गिऱ्हाईक गेल्यावर मी नातीला सांगितलं, "तुझा नमुना घेतला तर तू हितं कामाला. माझा घेतला तर गपगुमान पुण्याला जायचं. तोंड पाडायचं न्हाई."

"तुम्ही पण पाडायचं नाही," ती म्हणाली.

मी पितळेचा पत्रा घेतला, चकत्या कापल्या, तापवल्या, खळग्यात बसवून वाटीचा आकार आणला. मग लाखेवर चिकटवून लोंबी उठवायला घेतली. दाणा न् दाणा वेगळा ठोकला. कुसळ काढायला मी जी बारीक पोगर, म्हणजे नक्षी ठोकायची छिन्नी, वापरली ती माझ्या वडिलांची होती आणि तिचं टोक अजून तसंच आहे. काम चाललं असताना नात यायची, उभी राहायची. एकदा तिनं विचारलं, "कड किती आत वळली म्हणजे पुरे?"

"मला इचारून तूच जिंकणार का?"

"विचारायला काय झालं?"

मी तिला बोटानं दाखवलं. नाही म्हणता आलं नाही. कामाचं विचारलं की सांगायचं, असं शिकलो होतो.

तिचा नमुना पुण्याहून कापसात गुंडाळून आला. उघडला तर निळ्या मेणाच्या दोन वाट्या. मी म्हणालो, "निळं सोनं कुठल्या खाणीतलं?" ती हसली नाही. मी चष्मा लावून बघितलं. लोंबी चांगली होती. जरा सगळे दाणे एकाच पोत्यातले वाटत होते, पण चांगली होती.

ठरल्या दिवशी मुलगी आली, तिची आई आली, आणि वलवणहून मुलीची होणारी सासू आली. दोघी विहिणी गादीवर एकमेकींपासून हातभर अंतर राखून बसल्या. सोनं दोघींच्या कमरेला होतं, फडक्यात बांधलेलं.

मी आधी माझ्या पितळी वाट्या ठेवल्या. सासूबाईंनी उचलल्या. "लोंबी भरलीया बगा," त्या म्हणाल्या. "हाताला दाना लागतोय." माझी मान ताठ झाली. मग त्यांनी काय केलं, एक वाटी दुसरीवर पालथी घातली. तोंडाला तोंड लावलं.

"भाऊ, ह्यातली मोठी कुनाची?"

"दोन्ही सारख्या हायेत."

"मग ही वरून भाईर का यिती?"

मी हात पुढं करून घेतल्या. कडेवरून नख फिरवलं. नख अडकलं. डोळ्याला दिसलं नव्हतं, पण नखाला कळलं.

"मोठी असंल ती आमची," सासूबाई म्हणाल्या.

"का बरं?" मुलीची आई म्हणाली. "पोरगी आमी द्यायची आन् वर वाटीबी ल्हान आमचीच?"

"द्यायची म्हंजे? आमी काय तिला फुकट निऊन बांदून ठेवनार हाय?"

"मी कुटं म्हनले बांदून?"

"अगं आई," मुलगी म्हणाली.

मी म्हणालो, "हातकामात एवढं तेवढं होतंच. तुमच्या दोघींच्या गळ्यातल्या वाट्या पण सारख्या न्हाईत. आजवर कुणी तोंडाला तोंड लावून बघितलं न्हाई इतकंच."

"तवा विहिनी बोलत नव्हत्या," सासूबाई म्हणाल्या, आणि दोघींनाही हसू फुटलं. मला नाही फुटलं.

मग नातीनं कापसातल्या मेणाच्या वाट्या दिल्या. सासूबाईंनी त्या पण एकमेकींवर घातल्या. डबीचं झाकण बसावं तशा बसल्या. मुलीनं पर्समधून मास्क काढला आणि त्याची दोरी आधी माझ्या वाटीवरून ओढली, ती कडेला अडकली. मग मेणाच्या वाटीच्या कडेवरून इकडून तिकडं ओढली. दोरी सरळ घसरली. तिनं परत ओढली. परत घसरली.

"ही," ती म्हणाली.

नातीच्या तोंडावरची रेघ हलली नाही. ती हसली असती तर मला राग तरी धरता आला असता.

सासूबाईंनी कमरेचं फडकं सोडलं. "चला, मग पेटवा शेगडी. मी बसते आदी."

आमच्या दुकानात वाटीचं सोनं कसं आटवतात ते इथं सांगायला पाहिजे. ज्या घरचं सोनं त्या घरची बाई शेगडीसमोर बसते. सोनं मुशीत पडतं, वितळतं, ओतलं जातं, गार होतं, तोवर ती उठत नाही. कुणी बोलावलं तरी उठत नाही. ती उठली की मग दुसऱ्या घरची बसते आणि तिच्यासाठी मूस दुसरी. ही मातीची वाटीएवढी मूस, पण दोन घरांचं सोनं मी तीत कधी एकत्र केलं नाही.

नात म्हणाली, "मावशी, ह्याला शेगडी लागणार नाही. सोनं पुण्याला न्यायचं. मेणाच्या दोन्ही वाट्या एका दांडीला लावतात आणि एकदम ओततात."

"येकदम म्हंजे?"

"म्हणजे दोन्ही घरचं सोनं एकत्र वितळवून."

सासूबाईंनी फडक्याची गाठ परत बांधली. घट्ट बांधली.

"न्हाई जमायचं, बाय."

"वेगवेगळं ओतायला सांगते की मी त्यांना."

"आन् आमी बसायचं कुटं?"

"तिथं आत नाही सोडत कुणाला."

"मग कुनाचं सोनं कुनात गेलं ते कुनाला ठाव?"

मुलगी म्हणाली, "आत्या, सोनंच आहे ना शेवटी."

"व्हय, सोनंच हाय. म्हनूनच म्हंते. लगीन लागलं की यक व्हा, कोन न्हाई म्हनतंय? त्याच्या आदी दोन घरं एका मुशीत जात न्हाईत."

"बराबर हाय विहीनबाईंचं," मुलीची आई म्हणाली. सकाळपासून त्या दोघींचं पहिल्यांदा जमलं, आणि जमलं ते ह्यावर.

मुलीनं मेणाची वाटी खाली ठेवली. "मग आबांच्याच करा," ती म्हणाली. "ड्यूटीवर काढून ठेवीन."

त्या गेल्या. नात लॅपटॉप बंद करायला लागली.

"पैज तुमची झाली आबा," ती म्हणाली. "उद्या कळवते कंपनीला."

"उद्या कशाला? महिना कुठं संपलाय?"

"थांबून काय करू? लोकांना समोर शेगडी पाहिजे. माझ्याकडं शेगडी नाही."

मला लय राग आला होता. कुणाचा ते मला त्या वेळी सांगता आलं नसतं. दोन बायकांचा नाही, त्या बरोबर होत्या. त्या पोरीचा तर नाहीच. तिनं काय मागितलं होतं? टोचणार नाही अशी वाटी. आणि तिला मिळणार होती ती दोरीत अडकणारी, पर्समध्ये जाणारी, माझ्या हातची.

मी पितळी वाट्या हातात घेऊन बसलो. लोंबी बघितली. मग नातीला विचारलं, "ते मेण करतात, त्यावरून सोनंच ओतावं लागतं का?"

"नाही. काहीही ओतता येतं."

"पितळ?"

"पितळ पण."

"मग वाटी कशाला ओतायची? वाटीचा खळगा ओत."

तिनं अर्धा मिटलेला लॅपटॉप उघडला. "खळगा म्हणजे? साचा?"

"साचा. आत लोंबी उलटी कोरलेली. पत्रा ठेवायचा आन् दाबायचा. पत्रा ज्याच्या त्याच्या घरचा."

तिनं बोटं फिरवली आणि पडद्यावरची वाटी आतली बाहेर झाली, लहान पोराच्या डोक्यावरचं टोपडं उलटं करावं तशी. जिथं दाणा वर होता तिथं खोल गेला. असला साचा पोलादात उलटा कोरायचा म्हणजे माझ्या वडिलांचा अख्खा पावसाळा जायचा. मला तो कधी नीट जमला नाही. मी तिला हे पण सांगितलं नाही.

"हे बघ," मी पडद्यावर बोट ठेवलं. "कड आत वळलीय. पत्रा आत जाईल, भाईर कसा काढशील? कड सरळ कर. वळवीन मी हातानं."

"आणि दोन्ही सारख्या वळतील कशावरून?"

मी तिच्याकडं बघितलं.

"नाही, सकाळचं म्हणून विचारते," ती म्हणाली.

"तूच सांग मग."

"एक पितळी कडं करून घेते. वाटीच्या आत बसेल असं. त्याच्यावर कड दाबायची. कड्याच्या पुढं जाणारच नाही."

"आन् दाबल्यावर ते कडं आत अडकलं की? तुझी वाटी त्या कड्याची कैदी."

तिनं डोकं खाजवलं. मीही खाजवलं. शेवटी कडं तीन तुकड्यांचं करायचं ठरलं. मधला तुकडा आधी काढायचा, मग बाकीचे सुटतात. हे कुणी सुचवलं ह्यावर आमच्यात अजून वाद आहे. मी म्हणतो मी, ती म्हणते ती.

साचा आला. मी आधी तांब्याच्या पत्र्यावर दाबून बघितला आणि कुसळापाशी पत्रा फाटला. नात म्हणाली, पत्रा नीट तापवला नाही. मी म्हणालो, तुझं कुसळ सुईसारखं आहे. मी पत्रा जास्त तापवला, तरी फाटला. तिनं कुसळ बोथट केलं, साचा दुसऱ्यांदा करून आणला, आणि त्या साच्यात जरा कमी तापवलेला पत्रा सुद्धा न फाटता बसला. दाबायला मी सागाच्या लाकडाचा दट्ट्या केला. हातोडीनं हळूहळू, मधून कडेकडं. लोंबी उमटली तेव्हा आम्ही दोघं एकाच वेळी वाकलो आणि डोकी आपटली.

मग निरोप धाडला. मुलगी म्हणाली सुट्टी घेऊन येते.

त्या दिवशी आधी मुलीची आई शेगडीसमोर बसली. पदर खोचला, फडकं सोडलं, आपल्या हातानं सोनं मुशीत टाकलं. त्यांचं सोनं जुनं, जरा तांबूस. वितळलं तेव्हा त्या पुढं वाकून बघत होत्या, चेहरा लाल झाला होता, तरी मागं सरकल्या नाहीत. गार झालं तेव्हा उठल्या. मग सासूबाई बसल्या, दुसरी मूस घेतली. त्यांचं सोनं पिवळंधमक. दोन्हींचे वेगवेगळे पत्रे काढले, एकामागून एक त्याच साच्यात दाबले. कड्यावर कडा वळवल्या. दट्ट्या मी धरला, कडं नातीनं काढलं. तिची बोटं बारीक आहेत, तुकडे तिलाच निघतात. पॉलिश झालं आणि गादीवर दोन वाट्या ठेवल्या. एक जरा तांबूस, एक पिवळी. कुठली कुणाची ते बघणाऱ्याला लगेच कळत होतं.

सासूबाईंनी एक दुसरीवर पालथी घातली. नख फिरवलं. सगळीकडून फिरवलं.

"आता मोठी कुनाची, विहीनबाई?" मुलीच्या आईनं विचारलं.

"तुमचीच म्हना. एवड्या लांबनं घिऊन आलाय."

"औंढं काय लांब हाय? लगीन झाल्यावर बगा, रोज यिती का न्हाई."

"या की. भाकरी थापायला एक हात वाढंल."

मुलीनं ह्या दोघींकडं लक्ष दिलं नाही. तिनं मास्कची दोरी काढली आणि दोन्ही वाट्यांवरून ओढली. मग वाट्या गळ्यापाशी धरल्या, नुसत्या ओढणीवर, आणि पेशंटला उठवताना वाकतात तशी वाकली. माझ्याच खांद्याखाली हात घालून मला उठवायला लागली.

"अगं, मी बरा हाय," मी म्हणालो.

"टोचलं का?"

"न्हाई टोचलं."

"मग झालं," ती म्हणाली. "हे मी काढणार नाही."

संध्याकाळी दुकान आवरताना नात साचा पुसत होती. पुसून झाला तरी पुसत होती.

"आबा, उद्या महिनाअखेर. काय कळवू?"

"मला काय इचारतीस? पैज माझी झाली म्हणालीस ना?"

"म्हणजे जाऊ?"

"उद्या मला भाईर काम हाय," मी म्हणालो. "दुकान तू उघड. आन् तो साचा हिकडं दे."

तिनं साचा दिला. माझ्या तोंडाकडं जरा वेळ बघत राहिली, मग लॅपटॉपची पिशवी भिंतीच्या खुंटीला अडकवली आणि रिकाम्या हातानं घरी चालू लागली. रोज ती पिशवी ती घरी नेत असे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुतलेला सदरा घातला आणि लोकलनं वडगावला गेलो. तिथल्या बाजारात एक मोठं सोन्याचं दुकान आहे. त्याचा मालक माझ्याहून वयानं लहान, पैशानं मोठा. त्याच्याकडं मी आजवर लग्नाकार्याशिवाय गेलो नव्हतो. काम मागायला तर मी कुणाच्याच दारात कधी गेलो नव्हतो, भले दुकानात दिवस दिवस गिऱ्हाईक नसायचं. त्यानं शटर अर्धं वर केलं होतं. मी वाकून आत गेलो. त्यानं उठून खुर्ची दिली, चहा सांगितला, तब्येतीचं विचारलं. मी रुमालाची गाठ सोडली आणि साचा काचेवर ठेवला.

"असले नमुने आमच्याकडं होतात," मी म्हणालो. "कॉम्प्युटरवर. माझी नात करते. काम असंल तर धाडा."

त्यानं साचा उचलून उजेडात धरला, अंगठा आत घालून लोंबीवरून फिरवला आणि विचारलं, "आबा, ह्यातलं तुमचं काय आणि तिचं काय?"

मी खुर्ची पुढं ओढली आणि त्याला सांगायला बसलो.